चिलिका : इंजिन बंद, व्ह्यू चालू!

'बीच' म्हटलं की आपली गाडी थेट गोव्याला लागते. फार तर अलिबाग, नाहीतर तारकर्ली. यंदा पाच-सहा दिवसांची रजा मंजूर झालीच, तर नकाशाच्या दुसऱ्या बाजूला बघा. ओडिशाच्या किनाऱ्यावर सरोवर, समुद्र आणि नॅशनल पार्क, तिन्ही एकाच ट्रिपमध्ये बसतात.

सुरुवात अर्थातच चिलिकापासून. पावसाळ्यात हे सरोवर अकराशे चौरस किलोमीटरच्या पुढे पसरतं. नद्यांचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी इथे एकत्र नांदतं. मध्यंतरी समुद्राकडचं तोंड गाळाने बुजत गेलं, खारेपणा घटला, मासळी आटली. १९९३ मध्ये चिलिकाचं नाव धोक्यात आलेल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. मग सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं तोंड खोदलं. मासळी परतली आणि २००२ मध्ये नाव यादीतून बाहेर आलं. थोडक्यात, आजारातून उठलेला पेशंट आहे हा. भेटायला जाताना गोंगाट करायचा नसतो!

पण साताप़ड्याच्या धक्क्यावर नेमकं तेच चालतं. इथे 'इरावदी' डॉल्फिन दिसतात. गोल डोकं, चोच नाही, उड्यांचा शो नाही. पाठ दिसते, श्वासाचा 'फुस्स' आवाज येतो, संपलं. अख्ख्या सरोवरात ते दीडशेच्या आसपास आहेत. एक पाठ दिसली की चारी बाजूंनी डिझेल इंजिनच्या होड्या तिकडे धावतात. पंख्याची पाती लागून डॉल्फिन जखमी होतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मी नावाड्याला विचारलं, ''भैया, इंजिन बंद करता येईल?'' तो म्हणाला, ''मॅडम, जवळ नेलं नाही तर लोक चिडतात. पैसे वसूल झाले पाहिजेत ना त्यांचे!'' म्हणजे गिऱ्हाईक आपणच आणि घाईही आपलीच. त्याने इंजिन बंद केलं. दहा मिनिटं नुसतं पाणी. मग होडीपासून थोड्या अंतरावर दोन पाठी सावकाश वर आल्या. झूम लेन्सची गरजच पडली नाही.

सरोवराच्या उत्तर टोकाचं मंगलाजोडी तर याहून भारी. इथे होडी लांब बांबूने ढकलतात. शेकाट्या, थापट्या, गॉडविट, जांभळी पाणकोंबडी असे पक्षी हाताच्या अंतरावर बिनधास्त चरत असतात. एकेकाळी या गावात पक्ष्यांची सर्रास शिकार व्हायची. मग शिकाऱ्यांनीच बंदुका खाली ठेवल्या आणि राखणदारी पत्करली. आज त्यांच्यातलेच काही जण गाइड आहेत. पक्षी कुठे बसतो, हे शिकाऱ्याइतकं कुणाला कळणार?

दक्षिणेकडे ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये साडेसहा लाखांहून जास्त आली होती. आपलंही नातं आहे बरं का! ओडिशातच गहिरमाथाला २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये चक्क गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. इथे रात्री टॉर्च आणि फ्लॅश नको. उजेडाने कासवं बिचकतात, पिल्लं तर समुद्राची वाटच चुकतात.

शेवटचा मुक्काम भितरकनिका. खारफुटीचं जंगल, चिखलावर ओंडक्यासारख्या पडलेल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी. १९७५ मध्ये इथे मगरसंवर्धन सुरू झालं, १९९८ मध्ये नॅशनल पार्क झालं. इथे 'जवळ घ्या' असं नावाड्याला कुणीच सांगत नाही! डॉल्फिनला दात दाखवता येत नाहीत, एवढाच काय तो फरक. तेव्हा होडी ठरवताना भावाआधी एकच अट घाला : डॉल्फिन दिसला की इंजिन बंद.

कसं जाल? : मुंबईहून विमानाने भुवनेश्वर. वेळ असेल तर कोणार्क एक्स्प्रेस. बालुगावजवळ खिडकीतूनच चिलिका दिसतं.
कधी जाल? : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भितरकनिका मगरींच्या विणीसाठी मे ते जुलै बंद असतं.
काय खाल? : चिलिकाची 'चिंगुडी', म्हणजे आपली कोळंबी. आणि खेकडे!