इस्तंबूलचे अंदाजपत्रक

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत असलेल्या एका कुटुंबात चौतीस वर्षे प्रवासाचे दोनच प्रकार मानले गेले : तीर्थयात्रा आणि वसुली. पहिल्याचा खर्च पुण्याच्या खाती पडे, दुसऱ्याचा दुकानाच्या. केवळ पाहण्यासाठी कुठे जावे आणि त्यासाठी घरातले पैसे मोडावेत, ही कल्पना त्या घरात नवी होती. लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस जवळ आला तेव्हा मुदत ठेवीचे अडीच लाख रुपये हाती आले होते. घरचे कर्ते, ज्यांना मुलांपासून हमालांपर्यंत सारेच अण्णा म्हणतात, त्यांनी पत्नीस पाटल्या करण्याचा विचार बोलून दाखविला. पत्नीने, म्हणजे साऱ्या यार्डाच्या काकूंनी, पाटल्या नकोत असे सांगितले. त्यांना इस्तंबूल पाहायचे होते.

अण्णांचा आक्षेप व्यापाऱ्याचा होता. सोने घरात राहते, अडचणीत मोडता येते. प्रवास एकदा केला की संपला, त्याला मोड नाही. काकूंचे उत्तर तितकेच व्यवहारी होते. "अहो, गुडघ्यांची मुदत ठेव कुठलीच बँक घेत नाही. आज चालतात ते पाच वर्षांनी चालतीलच असं नाही."

इस्तंबूलच का, याचे उत्तर शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात होते. 1453 साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुष्कीचा मार्ग अडला आणि युरोपीय लोक सागरी मार्ग शोधू लागले, हे वाक्य महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्यांनी पाठ केले आहे. 1498 साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो मिरीसाठी. ज्या घराचा चरितार्थ मसाल्याच्या मालावर चालतो, त्या घरातील सुनेला त्या वाक्यातले शहर एकदा डोळ्यांनी पाहावेसे वाटले, यात नवल नाही. पुस्तकात नसलेली गोष्टही काकूंनी नंतर शोधून काढली. मसाल्याचा तो व्यापार 1453 मध्ये थांबला नाही. वाटा, कर आणि मालक बदलले, पण मिसरमार्गे माल येतच राहिला. इस्तंबूलचा सतराव्या शतकातला मसाल्याचा बाजार आजही 'मिसर बाजार' या नावानेच ओळखला जातो.

अंदाजपत्रकाची वही उघडली आणि पहिला वाद उभा राहिला. अण्णांच्या थोरल्या बंधूंनी पूर्वी आठ दिवसांत सारा तुर्कस्तान केला होता : इस्तंबूल, कॅपाडोशिया, पामुक्कले, एफेसस. लग्नकार्यात बलूनची छायाचित्रे अनेकदा दाखवून झाली होती. आपण गेलो आणि बलून पाहिला नाही तर लोक काय म्हणतील, ही शंका अण्णांनी स्पष्ट बोलून दाखविली नाही, पण वहीत 'बलून' हा शब्द तीनदा आला होता.

ही शंका काकूंनी हिशेबाने सोडविली. दोघांचे विमानभाडे, व्हिसा आणि विमा मिळून सुमारे दीड लाख रुपये निघतात. हा स्थिर खर्च. माणूस तेथे एक दिवस राहो वा दहा, तो बदलत नाही. उरतात एक लाख. मुक्काम पाच पूर्ण दिवसांचा धरला तर प्रत्येक दिवस पन्नास हजारांना पडतो. कॅपाडोशिया इस्तंबूलपासून रस्त्याने सातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. बसने गेल्यास रात्र मोडते, विमानाने गेल्यास जाण्यायेण्यात दोन अर्धे दिवस जातात. तिकिटाचा खर्च वेगळाच, पण खरा तोटा त्या पन्नास हजारांच्या एका दिवसाचा. शिवाय वारा प्रतिकूल असेल तर बलून उडतच नाही. कमी पैशांच्या प्रवासात पैसा जपावा लागतो हे सर्वांना ठाऊक असते. तेथे सर्वांत महाग माल वेळ असतो, हे फार थोडे जण वहीत मांडतात.

थोरले बंधू म्हणाले, "पाच दिवस एकाच गावात? करणार काय तिथं?" अण्णांनी यार्डातलाच दाखला दिला. "दादा, एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला तर मालाची जात कळते. दहा पोत्यांना वरून बोट लावून कळत नाही." बलून वहीतून गेला.

पुढची कामे क्रमाने झाली. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो. या दांपत्याकडे तसा व्हिसा नव्हता, म्हणून केंद्रामार्फत रीतसर अर्ज करणे प्राप्त होते. तोवर परतावा न मिळणारे तिकीट आणि आगाऊ पैसे मागणारे हॉटेल दोन्ही टाळायचे, असे ठरले. नियम बदलतात, म्हणून अर्जापूर्वी अधिकृत संकेतस्थळ पुन्हा पाहण्याची नोंद झाली.

चलनाच्या बाबतीत तुर्कस्तान हा वेगळाच धडा आहे. 2005 साली त्या देशाने लिरावरची सहा शून्ये पुसली. दहा लाख जुन्या लिरांची एक नवी लिरा झाली. त्यानंतरही महागाईने पाठ सोडली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये वार्षिक महागाईचा सरकारी आकडा 85 टक्क्यांच्या पुढे गेला होता. अशा देशात दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या पाहुण्याने सांगितलेला लिरातला भाव म्हणजे जुन्या सौदापट्टीवर नवा माल विकण्यासारखे आहे. म्हणून वहीतील सारे भाव युरोत मांडले गेले आणि निघण्यापूर्वी ते पुन्हा तपासायचे ठरले. रोख रक्कम युरोत न्यायची, विमानतळावर जेमतेम गाडीभाड्यापुरती बदलायची, उरलेली शहरातील दोनतीन पेढ्यांवर दर विचारून बदलायची. कार्ड वापरताना यंत्राने रुपये की लिरा असे विचारले तर लिरा निवडावी. रुपये निवडले की विनिमयाचा दर दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा ठरवते आणि तो ग्राहकाच्या हिताचा क्वचितच असतो.

बचत कुठे करावयाची नाही, हेही ठरवावे लागते. दूरच्या उपनगरात स्वस्त खोल्या मिळतात, पण रोजचे दोन तास आणि गुडघे त्यात खर्ची पडतात. इस्तंबूल हे टेकड्यांचे, दगडी फरसबंदीच्या चढउतारांचे शहर आहे. म्हणून सिर्केजी भागात, ट्रामच्या थांब्याजवळ साधी खोली शोधली गेली. खिडकीतून समुद्र दिसला नाही तरी चालेल, पण उद्वाहन हवे आणि खोलीत चहाची किटली हवी, एवढीच अट. ओरिएंट एक्सप्रेस जेथे येऊन थांबत असे ते 1890 सालचे सिर्केजी स्थानक तेथेच आहे. एमिनोन्यूचा बोटींचा धक्काही पायी अंतरावर आहे.

या धक्क्यावरून शहराचा सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त देखावा सुरू होतो. ट्राम, मेट्रो, बस आणि बोट या सर्वांना चालणारे 'इस्तंबूलकार्ट' नावाचे एकच कार्ड असते. ते दाखवून एमिनोन्यूहून उस्कुदारला जाणाऱ्या नेहमीच्या बोटीत बसले की प्रवासी युरोपातून आशियात पोहोचतो. खासगी सहलबोटीवर जे दिसते, ते येथे रोज कामावर जाणाऱ्या लोकांच्या शेजारी बसून, त्यांच्याच भाड्यात दिसते : मागे सुलेमानियेचा घुमट, 1348 साली जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांनी बांधलेला गलाता मनोरा आणि मध्ये बोस्फोरसचे पाणी. काकूंनी वहीत बोटीचा प्रवास पाचही दिवस मांडला.

तिकिटांच्या जागा मात्र परदेशी पाहुण्यास महाग आहेत. हागिया सोफिया ही वास्तू सम्राट जस्टिनियनने 532 ते 537 या अवघ्या पाच वर्षांत उभारली. ती 1453 मध्ये मशीद झाली, पुढे अतातुर्कच्या काळात संग्रहालय आणि 2020 मध्ये पुन्हा मशीद. जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना वरच्या सज्ज्यातून ती पाहण्यासाठी माणशी 25 युरो द्यावे लागू लागले. तोपकापी राजवाडा आणि जमिनीखालचा बॅसिलिका जलाशय यांचीही तिकिटे जबर. वहीत दोनच जागांची सोय होती. तोपकापीच्या खजिन्यात 86 कॅरेटचा प्रसिद्ध हिरा आहे, त्याकडे अण्णांचा ओढा होता. पण पैसे देऊन हिरा पाहायचा आणि भिंग लावायचे नाही, हे त्यांनाच विचारांती पटले नाही. हागिया सोफिया राहिली आणि जलाशयही राहिला. सहाव्या शतकात जमिनीखाली 336 खांबांवर तोललेला तो पाण्याचा साठा, हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली हळद साठविण्याची रीत पाहिलेल्या माणसाला चुकवावासा वाटला नाही.

विनामूल्य जागांची यादी यापेक्षा लांब झाली. सहा मिनारांची निळी मशीद, तिच्यापुढील मैदानात उभा असलेला, इसवी सन 390 मध्ये रोमन सम्राटाने उभारविलेला इजिप्तचा स्तंभ आणि वास्तुकार सिनानने 1557 साली पूर्ण केलेली सुलेमानिये मशीद. या मशिदीभोवती पाठशाळा, रुग्णालय आणि अन्नछत्र बांधले गेले होते. झाकलेल्या मोठ्या बाजाराचे मूळ दालन 1453 नंतर लवकरच उभे राहिले आणि त्याचे भाडे हागिया सोफियाच्या देखभालीस लावून दिलेले होते. मिसर बाजाराचे उत्पन्न असेच शेजारच्या नव्या मशिदीसाठी होते. पेढीच्या उत्पन्नातून धर्मशाळा चालविणाऱ्या घरांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

वारांचा मेळ घालणे हेही अंदाजपत्रकाचेच काम आहे. तोपकापी मंगळवारी बंद असतो, मोठा बाजार रविवारी. मशिदीत नमाजाच्या वेळी पाहुण्यांना प्रवेश नसतो आणि शुक्रवारी दुपारी हा वेळ अधिक लांबतो. स्त्रियांना डोके झाकावे लागते, तेव्हा एक ओढणी पिशवीत कायम ठेवावी. बाजारात दुकानदार चहा देतो. तो घेतल्याने खरेदीचे बंधन येत नाही. घासाघीस करण्यात अण्णांना शिकवण्यासारखे काही नव्हते, म्हणून खरेदीला काकूंनी पाच हजारांची मर्यादा घातली आणि ती रक्कम स्वतःकडे ठेवली.

महिना कोणता, याचे उत्तर दोन गोष्टींनी दिले. हळदीच्या हंगामात, फाल्गुन-चैत्रात, दुकान सोडणे शक्य नव्हते. दुसरी गोष्ट सूर्यास्ताची. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या माणसाने इस्तंबूलचे पंचांग अवश्य पाहावे. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो, डिसेंबरमध्ये साडेपाचच्या थोडा पुढे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ही वेळ साडेसहाच्या आसपास असते, म्हणजे घरच्यासारखीच. हवा सुखद असते आणि उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते.

आहाराची चिंता वाजवी होती, पण ती अर्धी निराधार ठरली. सिमित नावाची तिळाची कडी, ऑलिव्ह, दही, काकडी, टोमॅटो, सुके अंजीर, जर्दाळू, अक्रोड आणि फळे सर्वत्र मिळतात. मसुरीचे सूप घरोघरचे आहे, परंतु काही ठिकाणी ते मांसाच्या रश्शात शिजवितात, म्हणून विचारल्याखेरीज घेऊ नये. 'एत्सिझ' म्हणजे मांसाविना, 'युमुर्तासिझ' म्हणजे अंड्याविना, 'सोआन्सिझ' म्हणजे कांद्याविना आणि 'सारिमसाकसिझ' म्हणजे लसणाविना. हे चार शब्द काकूंनी कागदावर तुर्कीत लिहून घेतले. चीजमधील विरजण प्राणिज असू शकते, तेव्हा ते वर्ज्य. एका वेळचे जेवण बाहेर आणि दुसऱ्या वेळी खोलीवर किटलीतल्या गरम पाण्यात भिजविलेले दडपे पोहे, खाकरा आणि चटणी, अशी वाटणी झाली. जेवणाच्या खर्चाचा आकडा त्यामुळे जवळपास निम्म्यावर आला.

शेवटी वहीत दोन ओळी उरल्या. एक होती पंधरा हजारांची अडीअडचणीची राखीव रक्कम. तिला हात लावायचा नाही, यावर दोघांचे एकमत होते. दुसरी ओळ आकड्याची नव्हती. चौतीस वर्षांत अण्णा सलग सात दिवस दुकानाबाहेर राहिले नव्हते आणि मुलाने एकट्याने सौदे पाहिले नव्हते. अण्णांनी तोड काढली. इस्तंबूलचे घड्याळ अडीच तास मागे आहे. सांगलीत सकाळी अकराला तेथे साडेआठ वाजलेले असतात, तेव्हा रोज न्याहारीच्या वेळी फोनवर भाव विचारता येईल.

मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्ही फोन करू नका. अडलं तर मी करीन."

अण्णा काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी वहीतील 'साडेआठ : फोन' ही नोंद पाचही दिवसांच्या पानांवरून खोडली आणि तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा करून आणण्यासाठी दिवाणजींना चिठ्ठी लिहिली.