पाटीभर खडी

सरांनी फळ्यावर एकच अक्षर लिहिलं, डब्ल्यू. म्हणजे मजुरी. त्याभोवती गोल काढून ते म्हणाले, सरकारी कामावरची मजुरी कमी ठेवा आणि काम कष्टाचं ठेवा. ज्याला दुसरीकडे थोडं जरी जास्त मिळतं, तो येणारच नाही. गरीब कोण, हे शोधायला मग सर्वेक्षण नको की दाखला नको. गरजू माणूस आपणहून रांगेत उभा राहतो. पुढच्या स्लाइडवर उदाहरण होतं महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचं.

मी इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात विकासाच्या अर्थशास्त्रात एम.एस्सी. करत होते, तेव्हाचा हा तास. त्याआधी पुण्यात एम.ए. करताना दांडेकर आणि रथ यांचं दारिद्र्यावरचं 1971 सालचं काम वाचलं होतं, रोजगार हमीही वाचली होती. वि. स. पागे यांनी लावून धरलेली कल्पना, 1972चा दुष्काळ, 1977चा कायदा, 26 जानेवारी 1979पासून अंमल. पैसा उभा करायला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, हेही पाठ होतं. पण आपल्या सांगोल्याकडची खडी केंद्रं कधी एका अक्षरात मावतील, असं वाटलं नव्हतं.

तर्कात खोट नव्हती, हे आधी सांगते. बेझ्ली आणि कोट यांचा याच तर्कावरचा 1992चा लेख मी तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा गणित उमगलं. माझी पदवी मराठी माध्यमातली, त्यामुळे पहिले दोन महिने गणिताशी झुंजण्यातच गेले. रॅव्हेलियन, दत्त आणि चौधरी यांनी तर रोजगार हमीच तपासली होती. 1988मध्ये मजुरी जवळपास दुप्पट झाली, त्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासं झालं, असा त्यांचा 1993चा निष्कर्ष. मजुरी वाढली की काम वाटून द्यावं लागतं आणि हमी उरत नाही. हे वाचून वाईट वाटलं, पण खोडता येईना.

त्या रविवारी गावी फोन लावला. आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. दुष्काळी कामांवर 1973च्या उन्हाळ्यात 50 लाखांच्या घरात माणसं होती, त्यातली ती एक. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख मी लहानपणापासून पाहत आलेय, मधोमध दुभंगलेलं, कडेला काळं. चिंध्यांच्या कड्यात दगड धरायचा आणि वरून हातोडा घालायचा. एकदा कडं सरकलं आणि घाव नखावर बसला. नख पुन्हा सरळ उगवलंच नाही. कामावर मिळणारी सुकडी खाऊन माझे वडील, तेव्हाचं लहान पोर, तिथंच लिंबाच्या सावलीला झोपायचे.

मी विचारलं, "आजी, कामावर कोण कोण यायचं?"

"कोन म्हंजे? समदंच गाव. पाटलाची सून बी डोईवर पदर घिऊन यायची."

"आणि ज्यांना येणं जमत नव्हतं, त्यांचं काय?"

ती थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "शेजारची वल्ली बाळंतीन हुती. धा दिसाचं प्वार. तिला हातुडा उचलंल व्हय? निसती येऊन बसायची. आमी समद्या जनी आपापल्या ढिगातली येक येक पाटी तिच्या ढिगावर वतायचो. मुकादमाला ठावं हुतं. त्यो तिकडं तोंड करून बिडी वडायचा."

फोन ठेवल्यावर बराच वेळ वहीत एकही शब्द लिहिला नाही.

कष्टाची चाळणी सधनांना गाळते, इथवर शास्त्र बरोबर आहे. पण तीच चाळणी ओल्या बाळंतिणीला गाळते, दम्याच्या म्हाताऱ्याला गाळते, ज्यांना सगळ्यांत जास्त गरज त्यांनाच आधी गाळते. गावातल्या बायकांनी हे कुठलंही सूत्र न शिकता ओळखलं आणि पाटीपाटीनं दुरुस्त केलं. तपासनीस आला असता, तर त्या बाळंतिणीच्या नावापुढे त्यानं बोगस हजेरी लिहिलं असतं. आमच्या आकडेवारीत ती गळती ठरली असती. गळतीचं प्रमाण काढताना आजही माझा हात इथं अडतो.

पुढच्या तासाला मी हे सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं. एका आजीच्या आठवणीवर सिद्धांत उभा राहत नाही, म्हणाले. ते खरंच होतं. पण त्याच विद्यापीठाच्या आवारातल्या विकास अभ्यास संस्थेत रॉबर्ट चेंबर्स यांनी आयुष्यभर हेच सांगितलं होतं, की तज्ज्ञ डांबरी सडकेच्या कडेची गावं बघतात, तीही पावसाळा सरल्यावर, आणि सगळ्यांत गरीब माणूस त्यांना भेटतच नाही. त्यांचं 1983चं पुस्तक ग्रंथालयातून आणलं आणि प्रबंधाचा विषय बदलला.

उन्हाळ्यात गावी येऊन तालुक्यातल्या चार गावांत बायकांशी बोलत हिंडले. दोन गावांत असाच पाटीचा किस्सा निघाला. तिसऱ्या गावातला मुकादम कडक होता, तिथं एका विधवेचं नाव मस्टरवरून कापलं गेलं आणि ती पोरं घेऊन माहेरी निघून गेली. चौथ्या गावात कुणाला काही आठवेना. जे सापडलं ते लिहिलं, जे सापडलं नाही तेही लिहिलं. प्रबंधाला गुण बेताचेच मिळाले. नमुना लहान, असा शेरा होता.

आजी 2019 साली गेली. त्या कामांवर राबलेल्या बायका आता सत्तरीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्या घरात किंवा गल्लीत त्यांतली कुणी असेल, तर या सुट्टीत तिच्यापाशी बसा. हप्ता किती दिवसांनी मिळायचा ते विचारा, कामावर कोण येऊ शकलं नाही ते विचारा, आणि ती सांगेल तसं, तिच्याच बोलीत लिहून घ्या.