वाचन घेणे

भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत ‘वाचन घेतले’ असे लिहितात. मराठीच्या वर्गात आपण ‘वाचन केले’ म्हणतो. क्रियापदातल्या या फरकापाशी आम्ही दोघे प्राध्यापक काही दिवस अडून बसलो, त्याला निमित्त झाले आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे टिपण. वसई पूर्वेला वालीवच्या एका कारखान्यात भट्ट्यांचे तापमान दाखवणारी मीटर दुरुस्त करणे हा त्याचा उद्योग. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॅप्टन अमोल यादव यांची कंपनी आणि राज्य शासन यांच्यात पालघर जिल्ह्यात विमाने बनवण्याचा ३५,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार जाहीर झाला, तेव्हापासून या गृहस्थाच्या डोक्यात विमान शिरले. घरी बांधलेल्या विमानांत इंजिनाचे तापमान दाखवणारा काटा का चुकतो, याविषयी त्याने तीसेक पाने मराठीत लिहिली आणि ‘सर, मॅडम, भाषा तेवढी बघा’ म्हणून आमच्या हाती ठेवली.

यादवांची कथा वाचकांना ठाऊक असेलच. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान, २०१६ चे वांद्रे-कुर्ला संकुलातले प्रदर्शन, २०१७ ची नोंदणी आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून झालेले उड्डाण. वर्तमानपत्रांनी ती जिद्दीची कथा म्हणून सांगितली, आणि ती तशी आहेच. पण जिद्दीच्या कथेत काट्याला जागा नसते. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवल्याची आख्यायिका आपण अजून सांगतो. तिला भक्कम समकालीन पुरावा नाही, आणि वाचन घेतल्याची नोंद तर नाहीच. आमच्या विद्यार्थ्याच्या टिपणात उलट प्रकार. जिद्द कुठेच नाही, सगळा काटाच.

त्यातला थर्मोकपलचा भाग आम्ही तीनदा वाचला. दोन वेगळ्या धातूंच्या तारा, बहुधा लोखंड आणि कॉन्स्टंटन, एका टोकाला जोडून ते टोक सिलिंडरच्या डोक्यावर बसवायचे. ते तापले की दुसऱ्या टोकाशी अगदी क्षीण विद्युतदाब मिळतो. शंभर अंशांच्या फरकाला जेमतेम पाच मिलिव्होल्ट. म्हणजे या तारा तापमान सांगतच नाहीत. त्या दोन टोकांतला फरक सांगतात. थंड टोक किती थंड आहे हे कळल्याशिवाय गरम टोकाविषयी बोलता येत नाही. (१८२१ मध्ये झेबेकने हा परिणाम प्रथम पाहिला तेव्हा होकायंत्राची सुई हलली, म्हणून त्याने त्याला चुंबकत्वाचा प्रकार मानले. त्याने पाहिले ते अचूक होते, अर्थ मात्र चुकला. समीक्षेच्या अभ्यासकांनी या गृहस्थाकडे जरा आपुलकीने पाहावे.)

थंड टोकाची भरपाई न करणारे जुने मीटर कॉकपिटमध्ये चोवीस अंश आहेत असे धरून चालते. वसईच्या मे महिन्यात तिथे अडतीस असले, तर काटा चौदा अंश कमी दाखवणार. याहून घातक म्हणजे तार अपुरी पडली म्हणून मध्येच जोडलेली साधी तांब्याची तार. मग थंड टोक मीटरपाशी न राहता जोडापाशी, म्हणजे इंजिनाच्या उबेत येते. जोड साठ अंशांवर आणि भरपाई करणारे मीटर तिशीत असेल, तर वाचन तीस अंशांनी खाली. लायकमिंगच्या अनेक इंजिनांना सिलिंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा पाचशे अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे दोनशे साठ सेल्सिअस असते. काटा अडीचशे सांगतो आणि धातू प्रत्यक्षात दोनशे ऐंशीवर असतो. उलट दिशेची चूक विमान जमिनीवर अडकवून ठेवते. ही चूक त्याला हवेत नेते.

टिपणात त्याने लिहिले होते, ‘काटा खोटे बोलतो.’ आम्ही सुचवले, ‘काटा चुकीचे वाचन देतो.’ त्याने मान हलवली. ‘मॅडम, काटा वाचन देत नाही. तो हलतो. वाचन आपण घेतो.’ आम्ही आमची दुरुस्ती मागे घेतली.

हा शब्दच्छल नव्हे. कारखान्यातून आलेल्या विमानाचा रचनाकार, जोडारी आणि वैमानिक वेगवेगळे असतात. घरी बांधलेल्या विमानात तो बहुधा एकच माणूस असतो: लेखकही तोच, संपादकही तोच, समीक्षकही तोच. अनेक वर्षे खपून बसवलेले इंजिन तापते आहे असे काटा सांगू लागला, की त्याच्या मनात पहिले वाक्य येते, ‘मीटर बिघडले असणार.’ कित्येकदा ते खरेही असते. म्हणून तर ते धोक्याचे.

यावर टिपणात दिलेले उपाय अगदी घरगुती आहेत. दिवे लावताक्षणी तेलाच्या तापमानाचा काटा उडाला, तर दोष विजेच्या जोडणीत, बहुधा अर्थिंगमध्ये; कारण तेल क्षणात तापत नाही. इंजिन तापताना काटा खाली जात असेल, तर तारा उलट जोडल्या आहेत. प्रोब उकळत्या पाण्यात धरावा. वसई समुद्रसपाटीला असल्याने शंभर धरायला हरकत नाही, महाबळेश्वरला मात्र पाणी पंचाण्णव-शहाण्णवलाच उकळते. तारांचे जोड टोकाशी येईपर्यंत त्याच दोन धातूंचे ठेवावेत.

आणि एकच सिलिंडर तापलेला दिसत असेल, तर इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, त्याचा प्रोब शेजारच्याशी बदलावा व पुन्हा वाचन घ्यावे. जास्तीचा आकडा प्रोबबरोबर शेजारी गेला, तर दोष प्रोबचा. तो जुन्याच सिलिंडरवर राहिला, तर काटा खरा आहे. मग कव्हर काढून थंड हवा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या फटी तपासायला बसायचे, आणि त्या दिवशी उडायचे नाही.