अठ्ठावन्नचे एकसष्ट

एका खान्यात ५८ हा आकडा होता. मी त्याचे ६१ केले, एंटर दाबलं आणि गाडीचा आवाज बदलला!

नीट सांगते. तीन आठवडे झाले, भेटेल त्याला हेच सांगतेय. पहाटेचे साडेपाच, कात्रजचा जुना घाट, स्टिअरिंगवर भाचा, शेजारी मी, मांडीवर लॅपटॉप. पद्मिनीची पुढची सीट एकसंध बाकासारखी, त्यामुळे वायरींचा सगळा पसारा आमच्या दोघांच्या मधे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, २,२०० आरपीएमच्या आसपास गाडी गचके खात होती. ते ती गेली दोन वर्षं खातच होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ते गचके दिसत होते. स्क्रीनवर सोळा बाय सोळाचं कोष्टक, आणि त्यातल्या नेमक्या एका खान्यावर एक ठिपका थरथरत होता. बाजूचा काटा सांगत होता की इथे पेट्रोल कमी पडतंय. ५८चे ६१ केले. गचके गेले. बोनेट उघडलं नाही, गाडी थांबवली नाही, स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. "समोर बघ रे!" मी ओरडले, पण मला गाडीतच नाचायचं होतं.

गाडी वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, १९८४ची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. मुंबईच्या जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची सख्खी बहीण. मूळ फियाट ११००चं इंजिन, चार सिलिंडर, १,०८९ सीसी, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्ती. काही वर्षांपूर्वी इंजिन उघडावंच लागलं, तेव्हा आमच्या मिस्त्रीकाकांनी व्हॉल्व्ह थोडे जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट बसवला, एक्झॉस्टचे पाइप मोकळे केले. गाडी वरच्या वेगात छान पळू लागली आणि सिग्नलला उभी राहिली की कुरकुरू लागली. मग पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि कुरकुरीचं रडणं झालं.

त्याचं कारण मला आत्ता आत्ता कळलं, आणि ते इतकं सरळ आहे! निव्वळ पेट्रोल पुरतं जळायला एका ग्रॅममागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्याला नऊच ग्रॅम पुरते. वीस टक्क्यांच्या मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन आठ-नऊ टक्के जास्त हवं. कार्ब्युरेटरच्या जेटला हे कोण सांगणार? ते पितळेतलं एक भोक आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोलसाठी पाडलेलं.

काका कार्ब्युरेटर कानाने लावतात. त्यांच्याइतका कान मला या जन्मात येणार नाही. प्लग काढून त्याचा रंग बघतात, चॉकलेटी असेल तर मान हलवतात. पण तेही म्हणाले, "ताई, जेट मोठा केला तर वर पळेल आणि खाली धूर मारेल. लहान केला तर पीयूसीला पास होईल आणि घाटात मरेल. दोन्ही पाहिजे असेल तर दोन गाड्या घ्या."

मी कार्ब्युरेटर काढून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवलं, आणि मला दोनशे छपन्न गाड्या मिळाल्या. हो, मी अगदी खरं सांगतेय! सोळा बाय सोळा. आडवा इंजिनाचा वेग, उभा इनटेकमधला हवेचा दाब. आयडलिंगचा खाना वेगळा, सपाट रस्त्यावर साठच्या वेगाचा वेगळा, चढावर पाय पूर्ण दाबलेला वेगळा. प्रत्येक खान्यात एकच आकडा: या परिस्थितीत सिलिंडर आपल्या मापाच्या किती टक्के हवेने भरतो. बाकी सगळी आकडेमोड यंत्र करतं. दाब माहीत, हवेचं तापमान माहीत, सिलिंडरचं माप माहीत. अकरावीच्या पुस्तकातलं वायूचं समीकरण वापरलं की हवेचं वजन निघतं आणि त्यावरून पेट्रोलचं. मी वहीत मांडून पाहिलं. एका सिलिंडरचं माप २७२ सीसी. पुण्याच्या हवेत तो पूर्ण भरला तर आत साधारण ०.३ ग्रॅम हवा मावते, म्हणजे पेट्रोल लागतं वीस-बावीस मिलिग्रॅम. आयडलिंगला फक्त चार-पाच. ३,००० आरपीएमला चारही सिलिंडर मिळून सेकंदाला शंभर वेळा हे माप मोजून द्यायचं! आमच्या जुन्या पद्मिनीच्या पोटात हे चाललंय, या विचारानेच मला रात्री झोप येत नाही.

मेंदू म्हणून 'स्पीडुइनो' वापरलं. त्याचे नकाशे सगळ्यांना खुले आहेत आणि आतला मुख्य तुकडा म्हणजे कॉलेजची मुलं प्रोजेक्टला वापरतात तो आर्डुइनो मेगा. कार्ब्युरेटरच्या जागी टर्नरकडून अॅल्युमिनियमचं घर करून घेतलं, त्यात दोन इंजेक्टर आणि थ्रॉटल. इंजिनवरचा यांत्रिक पंप काढून टाकीजवळ विजेचा पंप, तीन बारचा दाब, उरलेलं पेट्रोल परत टाकीत. जुने रबरी पाइप सगळे फेकले, इथेनॉल त्यांना खातं. इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप बंद झाला पाहिजे, हे पहिल्याच दिवशी तीनदा तपासलं. क्रँकच्या पुलीवर ३६ दातांची चकती, त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला, म्हणजे सेन्सरला दर फेरीला कळतं की इंजिन कुठे आहे. चार दिवस ते त्याला कळतच नव्हतं! सेल्फ मारला की इंजिन खोकायचं, स्क्रीनवर आरपीएम शून्यावरून नऊ हजारांवर उड्या मारायचे. शेवटी काकांनीच बोट ठेवलं: सेन्सरची वायर प्लगच्या वायरीला चिकटून जात होती. जाळीची वायर आणून दुसऱ्या बाजूने फिरवली, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

मग वाचत सुटले, आणि कळलं की मी जे करतेय ते १९६७ सालचं आहे! बॉशने त्या वर्षी फोक्सवॅगन १६००साठी डी-जेट्रॉनिक आणलं. त्यातला 'डी' म्हणजे जर्मन 'ड्रुक', म्हणजे दाब. इनटेकमधला दाब मोजायचा आणि त्यावरून पेट्रोल ठरवायचं. माझ्या कोष्टकाची उभी बाजू तीच. आणि हे सगळं कशासाठी? अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, धुराचे नियम कडक होत होते म्हणून. मी इतकी वर्षं समजत होते की इंजेक्शन म्हणजे शर्यतीच्या गाड्यांचा थाट. रस्त्यावरच्या साध्या गाड्यांत ते रुजवलं स्वच्छ हवेच्या हट्टाने. ते वाक्य वाचून मी खुर्चीतून उठून घरभर फिरले.

पण माझी सगळ्यात लाडकी वस्तू निराळी आहे. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला, बोटाएवढा सेन्सर. लॅम्डा. १९७६मध्ये व्होल्व्होने तो पहिल्यांदा गाडीत घातला. माझा त्याच्या पुढच्या पिढीचा, वाइडबँड. तो जळून गेलेल्या हवेचा वास घेतो म्हणा ना, आणि एक आकडा देतो. १.०० म्हणजे हवा आणि पेट्रोल बरोब्बर. खाली गेला तर पेट्रोल जास्त, वर गेला तर हवा जास्त. आणि त्याला पेट्रोल निव्वळ आहे की इथेनॉलवालं याच्याशी काही देणंघेणं नाही. एक म्हणजे एक. काका प्लगचा रंग बघून अर्ध्या तासाने जे सांगत, ते हा त्याच क्षणी सांगतो. काकांना स्क्रीन दाखवली तर ते कितीतरी वेळ नुसते रेस देत आणि सोडत आकडा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे मला तिशीत मिळायला पाहिजे होतं."

आता ताकद आणि धूर यांचं भांडण. इंजिन सर्वांत जास्त जोर लावतं ते लॅम्डा ०.८७च्या आसपास, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त देऊन. तिथे कार्बन मोनॉक्साइड भरपूर. १.००च्या जवळ आलं की तो झपाट्याने उतरतो. अजून हवा वाढवली तर आणखी उतरतो, पण १.०५च्या आसपास नायट्रोजनचे ऑक्साइड सर्वांत जास्त होतात. आणि त्याहून पुढे गेलं की मिसिंग सुरू होऊन न जळलेलं पेट्रोलच बाहेर पडतं. इथे मला एक मोह झाला होता. आपल्या पीयूसीत पेट्रोल गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. आयडलिंग जरा कोरडं ठेवलं की पावती सुंदर येते. पण शेजारच्या रिक्षात बसलेल्या माणसाच्या छातीत काय जाईल? त्या वायूचा बंदोबस्त करतो तीन-मार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो नीट चालतो ते लॅम्डा एकच्या अगदी चिंचोळ्या पट्ट्यात. म्हणून कन्व्हर्टर बसवला आणि शहरात गाडी ज्या खान्यांत राहते ते सगळे एकवर आणले, एकेक करून, अकरा पहाटा. वरचे पाच-सहा खाने, जिथे पाय पूर्ण दाबलेला असतो, ते ०.८७वर ठेवले. तिथे गाडी दिवसातून मिनिटभर जाते, आणि तेवढं मिनिट तिने मनापासून पळावं!

जे कार्ब्युरेटरला एकाच भोकात कोंबावं लागत होतं ते इथे वेगवेगळ्या खोल्यांत राहतं. ताकद तिच्या खोलीत, स्वच्छता तिच्या.

अर्थात कोष्टक म्हणजे सगळं नाही. पाय झटकन दाबला की हवा लगेच आत धावते, पण पेट्रोलचा काही भाग पाइपाच्या भिंतीला ओला चिकटून राहतो आणि गाडी क्षणभर गुदमरते. त्यासाठी वेगळी चिमूट द्यावी लागते: किती, आणि किती वेळ. ही चिमूट मला अजून पुरती जमलेली नाही. ठिणगीच्या टायमिंगचंही असंच एक कोष्टक आहे, त्यावर मी वेगळं लिहीन, नाहीतर संपायचं नाही.

पीयूसीला गेलो. २०००पूर्वीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत. कार्ब्युरेटरवर आमची गाडी २.७ आणि ९४० देऊन कशीबशी सुटली होती. या वेळी आकडे आले ०.०८ आणि ४२. तिथल्या मुलाने नळी बाहेर काढून पाहिली, पुन्हा घातली, पुन्हा तेच. "काकू, इंजिन नवीन टाकलं का?" "नाही रे, तेच आहे. चाळीस वर्षांचं." पावती मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे. आणि जोर? तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० वेग गाठायला, त्याच सपाट रस्त्यावर, आधी जवळजवळ दहा सेकंद लागत, आता आठ. जुन्या कात्रज घाटात जिथे दुसरा टाकावा लागे तिथे ती तिसऱ्यात चढते.

गेल्या शनिवारी तिला महाबळेश्वरला नेलं. पुण्यात हवेचा दाब ९४-९५ किलोपास्कल असतो. वाई सोडून पसरणीचा घाट चढायला लागलो तसा स्क्रीनवर तो आकडा उतरू लागला, ९२, ९०, पाचगणीला ८७, आणि वर १,३५० मीटरच्या आसपास ८६. लहानपणी याच घाटात वडील गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडायचे. हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, काळा धूर, पाण्याची बाटली, आई रस्त्याच्या कडेला शिळेवर बसलेली. या वेळी लॅम्डा एकवरून हलला नाही. मी वडिलांना पुढे बसवलं होतं. पाचगणीच्या वळणावर त्यांनी हात लांब करून चोकचा दट्ट्या चाचपला. तो मी काढलेला नाही, फक्त त्याच्या मागे आता काही जोडलेलं नाही.

रविवारी सकाळी बाहेर नऊ अंश होते. सेल्फ मारला, एकदा घुरघुरली, धरली, मग पाचएक सेकंद जरा अडखळली. थंड इंजिनाला नेहमीच्या किती टक्के पेट्रोल द्यायचं याची एक छोटी यादी असते. पुण्यात मला दहा अंशांच्या खालचा रकाना कधी लागलाच नव्हता, तिथे अंदाजाने १३० टाकले होते. त्याचे १३८ केले. वडील शाल पांघरून शेजारी उभे होते. म्हणाले, "आता बंद कर. पूर्ण गार होऊ दे. उद्या उजाडायच्या आत परत बघू."