तंजावरची रसवांगी

वाचकहो, तंजावरला जाणारा प्रवासी बहुधा बृहदीश्वराचे दर्शन घेण्यासाठीच जातो, आणि ते योग्यही आहे. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण करविलेल्या त्या मंदिराचे उत्तुंग शिखर सायंकाळच्या उन्हात तांबूस होऊ लागले की पाहणाऱ्याची पावले आपोआप थांबतात. मराठी प्रवाशाला तेथे आणखी एक नवल भेटते. मंदिराच्या प्राकारातील भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तो १८०३ मधील, सरफोजीराजांच्या काळचा. आपल्या घरापासून इतक्या दूर, चोळांच्या दगडावर आपली भाषा वाचताना मन हरखून जाते.

परंतु या नगरीतील मराठी केवळ दगडावर उरलेली नाही. ती ताटातही आहे. मात्र मंदिर जसे विचारल्यावाचून दिसते, तसे ताट दिसत नाही. स्थानकाजवळच्या उपाहारगृहांत इडली, डोसा, वडा हे सारे उत्तम मिळते. पण ते आता भारतभर मिळते. तंजावरच्या घराघरांत जे शिजते ते फलकावर क्वचितच लिहिलेले असते. ते हवे असेल तर कोणाला तरी विचारावे लागते.

थोडा इतिहास येथे सांगणे अवश्य आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरात आपले राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. राजघराण्याबरोबर कारकून, शास्त्री, हरिदास, सैनिक आणि आचारी आले. त्यांची कुटुंबे कावेरीच्या या सुपीक खोऱ्यात स्थिरावली. दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) हे मोठे विद्याव्यासंगी होते. राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालय आज त्यांच्याच ग्रंथप्रेमाची साक्ष देते. त्या संग्रहात पाकशास्त्रालाही मान आहे. ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ या ग्रंथालयाने छापून प्रसिद्ध केला आहे.

तथापि दरबाराचा ग्रंथ ही एक गोष्ट आणि घरची चूल ही दुसरी. ग्रंथ कपाटात सुरक्षित राहिला. चुलीवरची विद्या मात्र सासूकडून सुनेकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे, बोलण्यातूनच गेली. आणि जाता जाता बदलत गेली. कोकणातील आमसूल येथे दुर्मीळ, चिंच मात्र विपुल. सांबाराविषयी सांगितली जाणारी कथा याच फरकावर उभी आहे. संभाजीराजांच्या पाहुणचाराच्या वेळी आमटीसाठी आमसुले उरली नव्हती, म्हणून चिंच घातली आणि पदार्थाला पाहुण्याचे नाव मिळाले, असे म्हणतात. ही कथा गोड आहे. ती कथा म्हणूनच ऐकावी, इतिहास म्हणून नव्हे. परंतु घर बदलले की आंबटाचे साधन बदलते, हे तिच्यातील मर्म खरे आहे.

काही शब्द याहून अधिक बोलके आहेत. तमिळमध्ये वांग्याला ‘कत्तिरिक्काय’ म्हणतात. असे असता चिंचेच्या रसात शिजविलेल्या वांग्यांच्या एका पदार्थाला तंजावरकर ‘रसवांगी’ म्हणतात! उडदाचे पीठ दह्यात कालवून होणारी ‘डांगर पचडी’ ऐकताच आपल्याकडील उडदाचे डांगर आठवते. ‘पिटलै’ हे नाव पिठल्यावरून आले असे अनेकजण सांगतात. पदार्थ मात्र निराळाच आहे: कारले किंवा वांगे, तूरडाळ, चिंच आणि भाजून वाटलेला मसाला.

हे पदार्थ मिळवावयाचे कसे? माझे सांगणे असे की सकाळी भाजीबाजारात जावे. भाजीवालीला ‘अक्का’ म्हणावे; घरातील प्रौढ गृहिणीला ‘मामी’ म्हणावे. दोन्ही हाका आपल्याही घरातील आहेत. ‘येथील खास पदार्थ कोणता?’ असे मात्र विचारू नये; त्याचे उत्तर पाहुण्यासाठी तयार ठेवलेले असते. टोपलीतील लहान काटेरी वांगी दाखवून ‘यांचे तुम्ही आज काय कराल?’ असे विचारावे. मग भाजी घेणाऱ्या दोन बायका थांबतात, तिसरी त्यांच्याशी वाद घालते, एक म्हणते खोबरे भाजून घ्यावे, दुसरी म्हणते कच्चेच वाटावे. या वादातून जे हाती लागते तेच त्या गावचे खरे पाकशास्त्र होय.

अशा रीतीने जमविलेली रसवांगी चार माणसांसाठी पुढीलप्रमाणे करावी. अर्धी वाटी तूरडाळ मऊ शिजवून घ्यावी. पाव किलो कोवळ्या वांग्यांच्या फोडी लिंबाएवढ्या चिंचेच्या कोळात हळद व मीठ घालून शिजवाव्यात. एक मोठा चमचा धने, तितकीच हरभऱ्याची डाळ आणि चार सुक्या मिरच्या थोड्या तेलावर खमंग भाजून, तीन-चार चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर वाटाव्यात. वाटण आणि डाळ वांग्यांत मिसळून दाटसर उकळी आणावी. शेवटी मोहरी, उडदाची डाळ, हिंग व कढीलिंब यांची फोडणी द्यावी. गूळ घालावा की नाही, यावर घरोघरी मतभेद आहेत. सोबत डांगर पचडी असावी. उडदाची डाळ तांबूस भाजून दळावी, दोन चमचे पीठ वाटीभर दह्यात कालवावे, मीठ घालावे आणि मोहरी, हिंग व हिरव्या मिरचीची फोडणी द्यावी. ही पचडी ठेवली की घट्ट होते. म्हणून पाने मांडल्यावरच कालवावी.

वाचकहो, हे सारे टिकेलच असे समजू नये. तंजावरच्या मराठी कुटुंबांत पुष्कळजण घरी मराठी बोलतात, पण शिकले तमिळ शाळेत. म्हणून त्यांचे मराठी तमिळ लिपीत लिहिले जाते. मुले चेन्नई, बंगळूर वा परदेशी गेली की नातवंडांना कधी लिपी येत नाही, कधी भाषा येत नाही. अशा वेळी आजीची वही असूनही मुकी होते. जिथे वहीच नाही, तिथे तिच्या हाताचा अंदाज तिच्याबरोबरच जातो.

हा धोका जाणत्या स्त्रियांनी पूर्वीच ओळखला होता. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मध्ये मराठीत आले. तमिळमध्ये एस. मीनाक्षी अम्माळ यांनी १९५१ मध्ये ‘समैत्तु पार’, म्हणजे ‘करून पाहा’, या नावाने घरचा स्वयंपाक मापांसह लिहून काढला. माहेर सोडून दूर संसार थाटणाऱ्या कितीतरी मुलींना या पुस्तकाचा आधार झाला. पण छापील पुस्तकात प्रत्येक घर मावत नाही. शेजारच्या मामी गूळ का घालीत नाहीत, ते त्यांनाच विचारावे लागते.

म्हणून प्रवासास निघताना एक कोरी वही बरोबर घ्यावी. ‘अंदाजाने मीठ’ असे ऐकल्यावर मूठ वाटीत रिती करवून मोजावी. पदार्थाखाली सांगणारीचे गाव लिहावे. तिची अनुमती असेल तर नावही लिहावे. आणि घेतल्याबद्दल काही द्यावेही. आपल्या गोड्या मसाल्याची कृती तेथील गृहिणी उत्सुकतेने ऐकते, दगडफूल म्हणजे काय ते विचारते, आणि पुढच्या वेळी येताना मूठभर आणावयास सांगते.