चाकांवरचें घर आणि गोठ्यांतली जागा

संस्कृतांत व्यापाऱ्यांच्या तांड्यास 'सार्थ' म्हणतात व त्याच्या नायकास 'सार्थवाह'. फारसींतील 'कारवां' हा शब्द त्याच अर्थाचा. तो युरोपांत गेला आणि पुढें चाकांवरील घरास 'कॅराव्हॅन' हें नांव मिळालें. आम्हां जुन्नरकरांना ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. सातवाहनांच्या काळीं कोंकणच्या बंदरांत उतरलेला माल घेऊन असे सार्थ नाणेघाट चढत आणि जुन्नरावरून पुढें देशावर जात. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा होता, असें लोक आजही सांगतात. फिरता संसार आमच्याकडे अजून दिसतो. यात्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठीं नारायणगांवीं तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. विघ्नहर व भीमाशंकर या साखर कारखान्यांच्या हंगामांत ऊसतोडणी करणारीं कुटुंबें आपल्या बैलगाड्यांसह येतात. त्यांना हा संसार पोटासाठीं हांकावा लागतो, आपण तो हौसेसाठीं हांकणार. एवढें भान ठेवून पुढील विचार वाचावा.

गेले चार महिने आमच्या घरांत अशा एका गाडीच्या खरेदीचा खल चालला आहे. गाडी मोटारीच्या मागें जोडून नेण्याची. तिचें छप्पर प्रवासांत बसकें असतें. मुक्कामावर तें वर उचललें कीं चोहोंबाजूंच्या कापडी भिंती ताठ होतात आणि आंत माणसास उभें राहतां येतें. आमचें कुटुंब चौदा माणसांचें. जुन्नर, पुणें व ठाणें अशा तीन ठिकाणीं विखुरलेलें. थोरल्या वहिनी ८१ वर्षांच्या. पाठीच्या दुखण्यामुळें त्यांना फार वेळ बसवत नाहीं, आणि भीमाशंकराचें दर्शन एकदां सर्वांसह घ्यावें ही त्यांची इच्छा. गाडीसाठीं पुढें आलेला पैसा मात्र घराच्या सामाईक ठेवींतला, म्हणजे वाड्याचीं कौलें फिरविण्यासाठीं बाजूला ठेवलेला. तेव्हां प्रश्न केवळ हौसेचा राहिला नाहीं.

शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्यांची चर्चा पुष्कळ होते. कोठें जावें हें सांगणारे बहुत भेटतात. परत आल्यावर गाडी कोठें ठेवावी हें सांगणारा विरळा. हौशी कुटुंबानें ती फार वापरली तरी वर्षांतून तीस दिवस. उरलेले ३३५ दिवस ती उभीच असावयाची. म्हणून खरेदीचा पहिला विचार रस्त्याचा नव्हे, जागेचा करावा.

आमचा गोठा रिकामा आहे. त्याची मापें घेतलीं तेव्हां कळलें कीं गोठा पुरतो, पण बोळाचें वळण पुरत नाहीं. छप्पर मिटलेली अशी गाडी साधारण सात-साडेसात फूट उंच असते, म्हणून ती जुन्या दारांतून जाऊं शकते. हाच तिचा मोठा गुण. परंतु लांबी मोजतांना पुढचा जोडदांडा धरावा, आणि वळणावर एकदां दोरी धरून पाहावें. आम्हांस कुंपणाचा एक खांब हालवावा लागेल, त्याचा खर्च गाडीच्या किंमतींतच धरला पाहिजे.

दुसरा विचार वजनाचा. हें गणित चौथीच्या मुलासही सुटेल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; ८० लिटरची टांकी भरली कीं ८० किलो वाढले. घरगुती गॅसची भरलेली टांकी सुमारें ३० किलो. त्यांत अंथरुणें, भांडीं, शिधा. ही सर्व बेरीज रिकाम्या गाडीच्या वजनांत मिळवून आपली मोटार तेवढें ओढण्यास समर्थ आहे काय, हें तिच्या पुस्तिकेंत पाहावें. जोडदांड्यावर येणारा भार एकूण वजनाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शाइतका असावा. तो फार कमी झाला तर गाडी मागें शेपटासारखी हालूं लागते. चालत्या जोडगाडींत कोणासही बसवूं नये. वहिनींना थांब्यावर घटकाभर आडवें होतां येईल, वाटेंत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें जोडगाडी हेंही मोटार वाहनच आहे. तिची नोंदणी झालेली आहे काय, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें.

जुनी गाडी घ्यावयाची असल्यास ती शक्य तों पावसांत पाहावी. कोपऱ्यांशीं भिंत अंगठ्यानें दाबावी. मऊ लागली तर आंत पाणी मुरलें आहे असें समजावें. कापडाच्या घड्या उजेडाकडे धरून भोंकें पाहावीं. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्यावरचे शेवटचे चार आंकडे वाचावे. '३२१९' म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. उभ्या गाडीचें रबर झिजत नाहीं, पण म्हातारें होतें. छप्पर विकणाऱ्यानें उचलून दाखविलें म्हणजे झालें असें नव्हे; घरांतील बायकांनीं तें स्वतः उचलून व मिटून पाहावें.

आतां साठवण. भीमाशंकर आणि माळशेजकडील पावसांत मुक्काम केला कीं कापड ओलें होणारच. ओलें छप्पर मिटून घरीं आणणें भाग पडलें, तर ऊन किंवा वारा मिळतांच तें उघडून पुरतें वाळवावें. नाहीं तर थोड्याच दिवसांत त्यास बुरशी धरते व तो वास जन्मभर जात नाहीं. वर प्लास्टिक घट्ट गुंडाळूं नये, आंत घाम धरतो; हवा खेळेल असें आच्छादन असावें. पाणी सर्व काढून टाकावें, गाद्या उभ्या कराव्या, शीतकपाटाचें दार किलकिलें ठेवावें. घोड्या लावून चाकांवरील भार काढावा. चाकांस ठोकळे लावून हातब्रेक सैल सोडावा, म्हणजे तो चिकटत नाहीं. बॅटरी महिन्यास एकदां भरावी. धान्याचा कण राहिला तर उंदीर येतील आणि तारा कुरतडतील. गॅसची टांकी गाडींत ठेवूंच नये. हा गॅस हवेहून जड असून जमिनीलगत सांचतो. म्हणून गाडीच्या तळाची झरोक्याची जागा विंचवाच्या भीतीनें बुजवूं नये, तीस बारीक जाळी लावावी.

मुक्कामाविषयीं दोन शब्द. जुन्नर २०१८ सालीं पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला खरा, पण येथील उसांत बिबट्या राहतो. उसाच्या बांधालगत मुक्काम करूं नये. उरलेलें अन्न बाहेर टाकूं नये, कारण त्यावर कुत्रीं येतात आणि कुत्र्यांमागें बिबट्या. अंधारानंतर मुलें आंत असावीं. भीमाशंकरचें रान अभयारण्य आहे. तेथें वनखात्याच्या परवानगीवांचून रात्रीं राहूं नये.

हें सर्व मी एके रात्रीं वाचून दाखविलें. वहिनी ऐकून म्हणाल्या, "भावोजी, छप्पर कसें उघडतें-मिटतें तें तुम्हीं सांगितलेंत. पावसांत गोठ्यांत जाऊन तें उघडणार कोण?" कोणी बोलेना. एकत्र कुटुंबांत जी वस्तु सर्वांची, तिची काळजी कोणाचीच नसते. जुने लेखक पोथीच्या अखेरीस विनवीत कीं हिला तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. गाडीस हे चारही नियम लागूं पडतात, पण ते पाळणारा एक धनी लागतो. गाडी अनेकांची असावी. सार्थवाह एकच असावा.

अखेर ठरलें तें असें: वाड्याचीं कौलें आधीं फिरवावीं, त्याच कामांत गोठ्याचें छप्पर व फरसबंदी करून घ्यावी, आणि उरेल त्यांत पुढील वर्षीं गाडीचा विचार करावा. किल्ली, वही व महिन्याची तपासणी धाकट्या सूनबाईंकडे राहील. घरांत सर्वांत चांगली मोटार त्याच हांकतात. मात्र ८१ व्या वर्षीं माणसास 'पुढील वर्षीं' असें सांगणें बरें नव्हे. म्हणून या पौषांत आठ दिवसांसाठीं एक गाडी भाड्यानें घेऊन घोडेगांव, डिंभें या वाटेनें वहिनींना भीमाशंकरास नेऊन आणावयाचें आहे. कौलांचा कारागीर दत्तजयंतीनंतर येतो म्हणाला आहे.