कडुनिंबाच्या ढोलीतला शेजारी

२६ जानेवारीला जोडून सुट्टी आली आणि आम्ही दोघे नववीतल्या मुलाला घेऊन बुलढाण्याला खालांकडे गेलो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले हे गाव विदर्भात असूनही थंड. ‘भिल्लठाणा’ म्हणजे भिल्लांचे ठाणे, त्यावरून बुलढाणा हे नाव पडले असे सांगतात. बॅगेत शालींबरोबर कॅमेराही होता. या भागातल्या घुबडांचे फोटो काढायचे, असे आम्ही बरेच दिवस ठरवले होते.

खालांच्या अंगणात जुना कडुनिंब आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच्या बुंध्याशी सिमेंटचे अर्धे पोते ठेवलेले दिसले.

“ढोलीत घुबड येऊन बसलंय बेटा,” खाला म्हणाल्या. “रोज पहाटे ओरडतं. लेक बाळंतपणाला आली आहे. मोहल्ल्यातल्या बायका म्हणतात, हे बरं लक्षण नाही. परवा गवंडी येईल, ढोली बुजवून टाकेल.”

आल्या आल्या मोठ्यांशी वाद नको म्हणून आम्ही गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी फज्रची नमाज होताच बोथ्याच्या घाटाकडे निघालो. बुलढाण्याहून खामगावला जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे हे जंगल अस्वलांसाठी आणि बिबट्यांसाठी ओळखले जाते. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून इथे आला होता. जंगलात गाडीतून उतरणे बरे नाही, म्हणून आम्ही त्याच्या अलीकडेच, शेताच्या कडेने वाहणाऱ्या एका ओढ्याजवळ थांबलो. समोर मातीची उंच दरड होती. शृंगी घुबडाला अशाच दरडी आणि खडकांच्या कपारी आवडतात.

ते दिसले. हातभर उंचीचे, डोक्यावर शिंगांसारखे दोन तुरे, नारिंगी डोळे. आम्ही बटण दाबत राहिलो. पण उजेड इतका कमी होता की सगळे फोटो हलले. आम्ही दोन पावले पुढे सरकलो आणि ते उडाले. एवढा मोठा पक्षी डोक्यावरून गेला, पण पंखांचा आवाज आला नाही. घुबडाच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या असतात, त्यामुळे हवा कापताना आवाज होत नाही. उंदराला त्याची चाहूल लागत नाही ती यामुळेच. हरभरा, तूर, सोयाबीन पिकवणाऱ्या या जिल्ह्यात उंदीर खाणारा पक्षी म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदारच.

संध्याकाळी मुलाने त्यातलाच एक हललेला फोटो मोबाईलवर घेतला. मागे भला मोठा चंद्र लावला, आकाश काळे केले, डोळे लालभडक केले आणि घरच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात वाहवा सुरू झाली. खालांनीही तो पाहिला आणि मोबाईल आमच्यापुढे धरला. “बघितलंत? मी काय म्हणत होते? असंच असतं ते.”

आम्हाला अगदी ओशाळल्यासारखे झाले. ज्या भीतीने ढोलीवर सिमेंट पडणार होते, तिला आमच्याच घरातून पुरावा मिळाला होता. मुलाने फोटो काढून टाकला, पण पाहायचा तो पाहून झाला होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. पहाटेच अंगणात खुर्च्या टाकल्या. खालांच्या स्वयंपाकघरातून एक उशीचा अभ्रा मागून घेतला, त्यात तांदूळ भरले आणि ती पिशवी खुर्चीच्या पाठीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला. कमी उजेडात हात थरथरतो, पिशवी थरथरत नाही. आयएसओ १६००, शटर एका सेकंदाचा दोनशेवा भाग, फोकस फक्त डोळ्यावर. फ्लॅश बंद. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर लखकन प्रकाश मारणे म्हणजे त्यांना छळणेच. मोबाईलवर घुबडाचा आवाज लावून त्याला बाहेर बोलवायचे नाही, हेही ठरले होते. ढोलीपासून बरेच लांब बसलो, कारण हे दिवस त्यांच्या विणीचे असतात.

सातच्या सुमारास सूर्य वर आला. कोवळे ऊन भिंतीवरून सरकत ढोलीच्या तोंडाशी पोहोचले आणि आतून एक गोल डोके बाहेर आले. पिंगळा! जेमतेम वीतभर पक्षी. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे, त्यांवर पांढऱ्या भुवया. थोड्या वेळाने दुसराही आला. दोघे फांदीवर एकमेकांना चिकटून ऊन खात बसले. एकाने दुसऱ्याच्या मानेची पिसे चोचीने साफ केली. मग आमच्याकडे पाहून मान खालीवर केली. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. म्हणून त्याला अख्खी मान वळवावी लागते. आपल्या मानेत ७ मणके, त्याच्या मानेत १४. लोक ज्याला भुताटकी समजतात ती एवढीच.

दुपारी लॅपटॉपवर फोटो उघडले आणि या वेळी मुलाला शेजारी बसवले. फोटो सुधारणे आणि फोटो बदलणे यांत फरक आहे, हे त्याला दाखवायचे होते. सावली थोडी उजळली. अंधारामुळे आलेले दाणे कमी केले, पण पिसे मेणासारखी गुळगुळीत होण्याआधी थांबलो. धार जास्त दिली तेव्हा पिसांच्या तारा दिसू लागल्या, ती मागे घेतली. पहाटेच्या उन्हाचा पिवळेपणा तसाच ठेवला. तोंडासमोर एक काडी आडवी येत होती. मुलगा म्हणाला, “ही पुसू का?” मग स्वतःच म्हणाला, “नको, ती तिथे होती.”

असरनंतर खाला चहा घेऊन आल्या. आम्ही लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

“हे एवढंसं?” त्या म्हणाल्या. “आणि हे दोन आहेत?”

खालूंनी कपाटातून बुखारी शरीफचा ग्रंथ काढला. इस्लामपूर्व अरबांत समजूत होती की, खून झालेल्या माणसाचा आत्मा घुबड होऊन बदल्यासाठी ओरडत फिरतो. त्याला ते ‘हामा’ म्हणत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही समजूत आणि पक्ष्यांवरून शकुन पाहणे, दोन्ही नाकारले. खालूंनी ती हदीस वाचून अर्थ सांगितला. आम्ही एवढेच जोडले की, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अशा पक्ष्यांचे घरटे मोडणे हाही गुन्हा आहे. नफा-नुकसान अल्लाहच्या हाती आहे असे आपण रोज म्हणतो आणि वीतभर पक्ष्याच्या आवाजाने बाळंतिणीच्या खोलीची खिडकी लावून घेतो.

खाला लगेच काही बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांची धास्ती एका चहात उतरत नाही. पण लेकीला हाक मारून त्यांनी फोटो दाखवला. लेक हसली. “अम्मी, ही तर तुमच्यासारखी भुवया वर करून बघतेय!”

आम्ही निघालो त्या सकाळी गवंडी आला होता. खालांनी त्याच्याकडून न्हाणीघराची फुटलेली पायरी बसवून घेतली. अर्धे पोते तिथेच संपले.

मुलाने गाडीत बसल्यावर ग्रुपवर दुसरा फोटो टाकला. खाली एकच ओळ लिहिली: “खालांच्या अंगणातले शेजारी, सकाळी सव्वासातचे.” या वेळी वाहवा कमी आली. पण चिखली ओलांडायच्या आत खालांचा फोन आला. विचारत होत्या, पिंगळ्याला पिल्ले कधी होतात?